मूळ स्वरूपात नसलेली गाडी

पोमोना हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला तीसेक मैलांवरचं गाव. तिथं एका घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. या घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. चालती गाडी रस्त्यावर उभी असते आणि गॅरेजमध्ये न चालणारी. राहायला आलो त्या दिवशी घरमालकांनी गॅरेजचं दार वर केलं, तेव्हा आत मला पत्र्याचं एक खोकं दिसलं. छप्पर नाही, सीट नाही, तळ गंजून गळून पडलेला. कुणीतरी नेमबाजीचा सराव केल्यासारखी मागं तीन भोकं. "१९३१ची फोर्ड मॉडेल ए," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी चालेल."

ते ७८ वर्षांचे आहेत. 'पुढच्या वर्षी' हे ते सहा वर्षं म्हणत आले आहेत, असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणतो.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची. चार वर्षं फोर-स्ट्रोक इंजिनाच्या आकृत्या काढल्या, शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो आणि तेव्हापासून पैसे इकडून तिकडे पाठवणाऱ्या प्रणालींचा कोड लिहितो. हातात पाना धरायची वेळ आली नव्हती. आजोबांचे हात आता थरथरतात, बारीक काम जमत नाही. म्हणून गेले दीड वर्ष शनिवार-रविवारी त्यांच्या गॅरेजमध्ये त्यांचे हात म्हणून मी काम करतो. त्या निमित्तानं हॉट रॉड या प्रकरणाचा इतिहास वाचत गेलो. वाचता वाचता कोल्हापूरला आमच्या घरामागं चिंचेखाली बारा वर्षं उभी असलेली एक पद्मिनी आठवत राहिली. तिची गोष्ट शेवटी सांगतो.

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीची हलकी बॉडी घ्यायची, मडगार्ड, बंपर, वजन वाढवणारं जे जे काही असेल ते काढून टाकायचं आणि तिच्यात तिच्या ऐपतीपलीकडचं इंजिन बसवायचं. ही गाडी विकत मिळत नसे, घरी करावी लागे. १९३० आणि ४०च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातली अठरा-वीस वर्षांची पोरं हे उद्योग करत. 'हॉट रॉड' हा शब्द रुळला तो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटी. त्याआधी अशा गाडीला 'गो जॉब' म्हणत.

हे तिथंच आणि तेव्हाच का झालं? पोरं हुशार होती, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. हुशार पोरं सगळीकडे असतात. माझ्या मते पहिलं कारण हेन्री फोर्डचा हट्ट.

फोर्डची मॉडेल टी १९०८ला आली आणि १९२७पर्यंत अशा दीड कोटीहून जास्त गाड्या बनल्या. तिच्या मागून १९२८ ते १९३१ मॉडेल ए. सरकत्या पट्ट्यावर गाडी जुळवायची तर कोणताही नट कोणत्याही गाडीत बसला पाहिजे. कानस मारून जुळवत बसायला वेळ नसतो. यातून फोर्डला स्वस्तात गाडी बनवता आली. पण त्याचा एक परिणाम कारखान्याबाहेरही झाला. या गाड्या जुन्या होऊन भंगारात गेल्या तेव्हा देशभरच्या भंगारवाड्यांत एकाच मापाचे लाखो सुटे भाग साठले. दहा-पंधरा डॉलरची मोडकी गाडी आणि शेजारच्या वाड्यातून उचललेला आस एकमेकांना बसत.

हेन्री फोर्ड बदलाला नाखूश होता. पुढच्या आणि मागच्या आसावर एकेक आडवा पाटा, घोडागाडीसारखा, ही त्याची रचना मॉडेल टीपासून थेट १९४८च्या मॉडेलपर्यंत टिकली. बाकीच्या कंपन्या केव्हाच हायड्रॉलिक ब्रेककडे वळल्या होत्या, फोर्डच्या गाडीत ते १९३९ सालात आले. मालकाचा हा हट्ट गिऱ्हाइकांना जाचत असेल, पण पोरांना तो वरदान ठरला. आमच्या गाडीचंच बघा: बॉडी १९३१ची, चासी १९३२ची, गिअरबॉक्स १९३९चा, ब्रेक १९४०चे, इंजिन १९४६चं. चासीच्या चाकांमधलं अंतर बॉडीच्या मूळ चासीपेक्षा फक्त अडीच इंच जास्त आहे. थोडं कापावं लागलं, थोडं जोडावं लागलं, पण बसलं. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच्या कोडशीही नवा कोड जुळत नाही म्हणून मी रात्री जागलो आहे, त्यामुळे पंधरा वर्षांच्या अंतराचे भाग एकमेकांत बसताना बघून मला हेवा वाटला.

दुसरं कारण १९३२चं व्ही-८ इंजिन. आठ सिलिंडरची गाडी तोवर श्रीमंतांची होती. मंदीच्या ऐन भरात फोर्डनं पाचशे डॉलरच्या आत व्ही-८ रोडस्टर बाजारात आणली. इंजिन २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं. मॉडेल एची ताकद होती ४०. आठही सिलिंडरांचा ब्लॉक एकाच ओतकामात काढायचा होता आणि ते सोपं नव्हतं. सुरुवातीला ढिगानं ब्लॉक वाया गेले, पुन्हा भट्टीत गेले. जमलं ते जमलंच. १९५३पर्यंत अमेरिकेत फोर्ड हेच इंजिन सुधारत बनवत राहिली. याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असतात. हेड म्हणजे वरून ठेवलेलं सपाट झाकण. म्हणून नाव फ्लॅटहेड. झाकण काढून जास्त दाब देणारं ॲल्युमिनियमचं झाकण लावा, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन-तीन लावा, कॅमशाफ्ट बदला: प्रत्येक गोष्ट घरच्या गॅरेजमध्ये करता येण्यासारखी.

तिसरं कारण जमीन. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मोहावी वाळवंट लागतं. तिथं कोरडी तळी आहेत. हिवाळ्यात पावसाचं पाणी साचतं, चिखल सपाट होतो आणि उन्हाळ्यात तो भाजून टणक होतो. मैलोन् मैल सपाट मैदान, फुकट. म्युरॉक, हार्पर, एल मिराज ही त्या तळ्यांची नावं. पोरं शनिवारी रात्री गाडी चालवत तिथं जात. हेडलाइट आणि काच तिथंच काढून ठेवत, शर्यत लावत आणि पुन्हा सगळं बसवून सोमवारी त्याच गाडीनं कामावर जात. ताशी १०० मैलांचा आकडा गाठणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

धुळीत शेजारी शेजारी पाच-सहा गाड्या सोडल्या की मागच्याला पुढचा दिसत नसे. अपघात होत, पोरं मरत. १९३७च्या अखेरीस काही क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. पुढच्या मे महिन्यात म्युरॉकवर त्यांनी पहिली स्पर्धा भरवली. इतिहासात मला सगळ्यात आवडलेला भाग हा. वेगाची झिंग चढलेल्या विशीतल्या पोरांनी स्वतःवर स्वतःच नियम घातले: आधी गाडीची तपासणी आणि सगळ्यांचा वेग घड्याळावर मोजायचा.

मग युद्ध आलं. फेब्रुवारी १९४२मध्ये अमेरिकेत खासगी गाड्यांचं उत्पादन थांबलं. पोरं सैन्यात गेली. म्युरॉक लष्कराकडे गेलं. तिथल्याच आकाशात १९४७मध्ये चक येगर ध्वनीपेक्षा वेगानं उडाला. आज तो एडवर्ड्स हवाई तळ आहे. जे सैन्यात गेले नाहीत त्यातले पुष्कळ लॉस एंजेलिसच्या विमान कारखान्यांत लागले. आजोबांचे वडील त्यातले. बरबँकच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा कापणं, रिव्हेट मारणं, वेल्डिंग हे सगळं ते शिकले. युद्ध संपलं तेव्हा या एका शहरात लेथ, मिलिंग, वेल्डिंग येणारे हजारो तरुण होते आणि युद्धाचं उरलेलं सामान मातीमोल भावानं विकायला निघालं होतं. बिल बर्क नावाच्या एका हौशी माणसानं १९४६मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायची इंधनाची टाकी घेतली आणि तिचीच गाडी केली. आकार आधीच वारा कापणारा, वेगळी बॉडी करायला कशाला हवी?

एड इस्केंडेरियन हा आर्मेनियन स्थलांतरितांचा मुलगा. युद्धावरून परतल्यावर त्याला आपल्या मॉडेल टीसाठी चांगला कॅम हवा होता. बनवणाऱ्याकडे रांग लागलेली. त्यानं ग्राइंडिंग मशीन मिळवलं, त्यात बदल केले आणि स्वतःच कॅम घासायला लागला. पुढे त्याची कंपनी झाली. विक एडेलब्रॉकनं आपल्या १९३२च्या रोडस्टरसाठी मॅनिफोल्ड बनवला, इतरांनी मागितला, त्याचीही कंपनी झाली. हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशीच माणसं बघत मी वाढलो. कुणीतरी एक पार्ट मागतो, तो कुठं मिळत नाही, मग लेथवाला म्हणतो, "ठिवून जा, बघतो." आमचे आण्णा त्यातलेच एक लेथवाले.

तोवर हॉट रॉडवाल्यांची बदनामी भरपूर झाली होती. रस्त्यावर शर्यती, अपघात, वर्तमानपत्रांतले मथळे. त्यावर उपाय म्हणून असोसिएशननं जानेवारी १९४८मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. आम्ही गुंड नाही, कारागीर आहोत, हे लोकांनी येऊन बघावं म्हणून. त्याच प्रदर्शनात रॉबर्ट पीटरसन 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक २५ सेंटला विकत होता. १९४९मध्ये यूटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पर्धा सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्सनं ड्रॅग शर्यतींची राष्ट्रीय संघटना काढली आणि तिची पहिली अधिकृत स्पर्धा १९५३मध्ये इथंच, पोमोनात, झाली.

मग हे संपत गेलं. १९५५मध्ये शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ आलं. हलकं, स्वस्त, फ्लॅटहेडपेक्षा कितीतरी ताकदवान. पोरांनी फोर्डच्या बॉडीत शेव्हरोलेचं इंजिन बसवायला सुरुवात केली. १९६०च्या दशकात कंपन्या कारखान्यातूनच वेगवान गाड्या विकू लागल्या. वेग हप्त्यावर मिळू लागल्यावर गॅरेजमध्ये हात काळे कोण करणार? आज १९३२ची अस्सल बॉडी श्रीमंत संग्राहकांची चीज झाली आहे. तिच्या मापाच्या नव्या कोऱ्या पोलादी बॉड्या बनवून विकणारे कारखाने आहेत. गरीब पोरांची गाडी घ्यायला आता गरिबाचं काम राहिलं नाही. आजोबांनी बॉडी घेतली ती गोळ्यांच्या भोकांची, कारण तीच परवडली.

त्यांच्या वडिलांकडे अशीच एक रोडस्टर होती. ती एल मिराजला धावायची. १९५१मध्ये, आजोबा पाच वर्षांचे असताना, या घराचा पहिला हप्ता भरायला वडिलांनी ती विकली. एक फोटो उरला आहे. त्यात वडील बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत आणि आसाखाली चिखलात एक पोरगं बसलंय, ते आजोबा. आम्ही बनवतो आहोत ती गाडी ती नव्हे. तिचा एकही नट हिच्यात नाही. "मग ती कुठं असेल?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "भाग होऊन पन्नास गाड्यांत गेली असेल." बरं वाटलं त्यांना ते सांगताना.

गेल्या ऑक्टोबरमध्ये इंजिनावर येऊन अडलो. फ्लॅटहेडचा एक जुना रोग आहे. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातो, त्यामुळे ब्लॉक तापतो आणि व्हॉल्व्ह व सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद जागेत तडा जातो. आजोबांकडे तीन ब्लॉक होते. दोन उघड तडकलेले. तिसरा डोळ्यांना तरी चांगला दिसत होता. चुंबकीय तपासणी करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तीन आठवड्यांची रांग. चौथा ब्लॉक घ्यायची त्यांची तयारी नव्हती. रकमेपेक्षा, पुन्हा शोधाशोध करण्याइतका वेळ आपल्याकडे आहे का, हा त्यांचा हिशेब होता. तो ते बोलून दाखवत नव्हते.

रात्री मी आण्णांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळ. फोन ब्लॉकवरून फिरवला.

"रॉकेल मिळतंय का तिथं?" आण्णांनी विचारलं.

"मिळतं."

"मग पाण्याच्या वाटा बंद कर आन आत रॉकेल भर. वरनं व्हॉल्व्हच्या बैठकीवर आन सिलिंडरच्या आतनं खडूची पूड लाव. रातभर हात लावू नको. तडा आसंल तर सकाळी रेघ उठंल."

आजोबांना मी हे समजावून सांगायला गेलो तर त्यांनी मला हातानं थांबवलं. खडूचा डबा त्यांच्या फळीवर होताच. त्यांच्या वडिलांचीही हीच पद्धत होती.

सकाळी सातपैकी कोणत्या सिलिंडरात नाही हे मोजत आलो आणि आठव्यात रेघ दिसली. पाऊण इंचाची, ओलसर, करडी. आजोबा स्टुलावर बसले. मी पुन्हा फोन लावला. आण्णा चष्मा पुढं ओढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टाके घाल की." बिडाला वेल्डिंग सहसा मानवत नाही, थंड होताना शेजारी नवा तडा जातो. म्हणून तड्याच्या टोकाला भोक पाडायचं, आटे पाडायचे, बिडाचा खिळा फिरवून बसवायचा, कापायचा, मग त्याला अर्धवट कापून जाईल असं पुढचं भोक. असं करत तडा खिळ्यांनी भरून काढायचा. आण्णांनी कागदावर एकमेकांत अडकलेली वर्तुळं काढून कॅमेऱ्यासमोर धरली. आजोबांनी खडूनं फरशीवर तशीच वर्तुळं काढली आणि अंगठा दाखवला. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी. मधला मी काही वेळ बिनकामाचा झालो होतो.

भोकं मी पाडली. नऊ खिळे. तीन शनिवार.

आता पद्मिनी. १९८८ची, आण्णांनी जुनी घेतलेली. १९९९मध्ये पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. माउंटिंग स्वतः केले, प्रोपेलर शाफ्ट स्वतः कापून जोडला. परवानगी घेतली नाही. २००३मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपली. नूतनीकरणाला गाडी नेली तेव्हा इंजिनाचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळला नाही. गाडी परत आणून चिंचेखाली लावली ती तिथंच राहिली. तिच्या स्टिअरिंगवर मी लहानपणी शेकडो मैल गेलो आहे. २०१५मध्ये माझी इंजिनिअरिंगची फी भरायची होती. पत्रा वजनावर गेला.

चूक आण्णांची होती, हे मला मान्य आहे. इंजिन बदलायला परवानगीची वाट आपल्याकडेही आहे. पण ती वाट अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांचीही अट तीच: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. या नियमांमागं सुरक्षेची काळजी आहे, ती खोटी नाही. १९३०च्या दशकात तळ्यांवर मेलेली पोरं तेच सांगतात. कॅलिफोर्नियातही मोकाट रान नाही. घरी बनवलेल्या गाडीचे दिवे, ब्रेक तपासले जातात. मात्र ती कोणत्या सालच्या गाडीसारखी दिसते त्यावरून धुराचे नियम लावून घेता येतात. वर्षाला अशा फक्त ५०० गाड्या, जो आधी येईल त्याला. संख्या लहान आहे, पण अशा गाडीसाठी कागदावर एक जागा आहे. आमच्या पद्मिनीला ती जागा नव्हती.

आणि 'मूळ स्वरूप' या शब्दांचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. मूळ स्वरूपातल्या कितीतरी मॉडेल ए भट्टीत वितळल्या. कापून, जोडून, टाके घालून बदललेल्या काही आज उभ्या आहेत. त्याच वेळी हेही खरं, की हॉट रॉडवाल्यांनी कित्येक चांगल्या धडधाकट गाड्या कापल्या आणि त्या आता कधीच परत मिळणार नाहीत.

मार्चमध्ये एका रविवारी इंजिन सुरू झालं. तिसऱ्या प्रयत्नात. गाडीला अजून सीट नाही, आजोबा उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले होते. फोनवर आण्णा. मिनिटभर कुणी काही बोललं नाही.

"टॅपेट वाजतंय," आण्णा म्हणाले. "उजवीकडचं, मागनं दुसरं."

मी आजोबांना सांगितलं. त्यांनी कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि माझ्याकडे पाना दिला.

रात्री आण्णांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पद्मिनीचं आरसी बुक. गाडी गेली तरी ते त्यांनी कपाटात ठेवलं होतं. इंजिनाच्या जुन्या नंबराच्या ओळीखाली त्यांनी बॉलपेननं नव्या इंजिनाचा नंबर लिहून ठेवलाय. शेजारी तारीख: १४ जून १९९९.